गावात गेमिंग टुर्नामेंटची सिरीज घ्यायची कशी अन् नीट बंद करायची कशी

सिरीज सुरू करायला काही लागत नाही. एक व्हॉट्सअॅप ग्रुप, एक रूम कार्ड (मोबाईल गेममध्ये आपली खाजगी मॅच, म्हणजे रूम, लावायचं कार्ड) अन् चार रिकामे पोट्टे असले की झालं. पण तालुक्यात कुठेही बघा, या सिरीज संपत नाहीत, नुसत्या विरून जातात. तिसऱ्या आठवड्यानंतर पॉइंट टेबल येणं बंद होतं, ग्रुपवर कोणीतरी "भाऊ फायनल कवा हाये" विचारतो, अॅडमिन बघून सोडून देतो, अन् पहिल्या बक्षिसाचे पैसे कोणाकडे होते हे दिवाळीनंतर कोणालाच आठवत नाही. मग पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणी प्रामाणिकपणे घ्यायची म्हटली तरी दुकानदार शंभर रुपये काढत नाही. म्हणून खाली सगळं क्रमाने लिहितो आहे, सुरुवातीचं थोडक्यात अन् शेवटचं सविस्तर.

आधी कायद्याचं बघा, मग पॅम्प्लेट

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून पैसे जिंकायचा ऑनलाइन गेम चालवणाऱ्याला त्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, अन् त्याची जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ई-स्पोर्ट्सला, म्हणजे कौशल्यावर खेळायच्या व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, कायद्याने वेगळी जागा दिली आहे, तिथे प्रवेश फी अन् कामगिरीवर बक्षीस चालतं, पण ते मान्यता आणि नोंदणी असलेल्या स्पर्धेसाठी. आपल्या गावच्या सिरीजची कुठेच नोंद नसते. त्यामुळे माझं सरळ म्हणणं आहे, एंट्री फी शून्य ठेवा. पन्नास रुपये टीम, शंभर रुपये स्क्वॉड असलं काही नको, अन् "प्रति किल पाच रुपये" वाल्या रूमच्या तर जवळही जाऊ नका. मॅचवर बाहेर कोणी सट्टा लावतो असं कळलं तर त्याच्या टीमला काढायचं, ओळखीचा असला तरी.

गेम कंपन्यांचेही छोट्या टुर्नामेंटसाठी स्वतःचे नियम असतात, ते त्यांच्या वेबसाइटवर एकदा वाचून घ्या. अन् सिरीजच्या नावात गेमचं नाव टाकू नका. एक तर ते अधिकृत असल्यासारखं दिसतं, दुसरं म्हणजे गेमचा भरवसा नाही. पबजी मोबाईलवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली, त्याचाच भारतातला अवतार बीजीएमआय जुलै २०२१ ला आला, जुलै २०२२ ला स्टोअरवरून गायब झाला अन् मे २०२३ मध्ये परत आला. फ्री फायर फेब्रुवारी २०२२ ला बॅन झाला, त्याचाच फ्री फायर मॅक्स तेवढा राहिला. गावाचं नाव लावा, ते कुठे जात नाही.

कधी घ्यायची

शहरातले लोक शनिवार-रविवार बघतात, आपल्याला शेत बघावं लागतं. मृग लागला की पेरणी, दसऱ्याच्या आसपास सोयाबीन, त्यानंतर कापसाची वेचणी, अन् दिवसभर शेतात राबलेल्या पोट्ट्याला रात्री नऊला रूममध्ये बसवलं तर तो पहिल्याच झोनमध्ये, म्हणजे मैदान पहिल्यांदा आकसतं तेव्हाच, झोपतो. मला दोनच खिडक्या बऱ्या वाटतात. एक, पेरणी-डवरणी उरकल्यापासून पोळ्यापर्यंत, पण तेव्हा विजा कडाडल्या की लाईट जाते. दुसरी, दिवाळीनंतर सोयाबीनचे पैसे हातात आल्यापासून संक्रांतीपर्यंत, अन् ही जास्त चांगली. संक्रांतीच्या पुढे खेचूच नका, बारावीची प्रॅक्टिकल लागतात, फेब्रुवारीत पेपर, पाठोपाठ दहावी, अन् मग कोणाची आई तुमच्या दारात येऊन काय बोलेल ते तुम्हीच ऐका. मे महिन्यात सुट्ट्या असतात खरं पण ४५ डिग्रीत फोन हातात धरवत नाही, गेम अडकतो, स्क्रीन आपोआप मंद होते.

सहा आठवडे, आठवड्याला एक संध्याकाळ, सातव्या आठवड्यात फायनल. याच्यापेक्षा लांब सिरीज गावात टिकत नाही. अन् फायनलची तारीख पहिल्याच पॅम्प्लेटवर छापा. ती तारीख छापलेली असली की अर्धं संपवणं तिथेच झालं.

कोणता गेम, किती टीमा

गावातले फोन बघून ठरवा, स्वतःच्या आवडीने नाही. हलक्या फोनवर फ्री फायर मॅक्स बरा चालतो, त्यात ४ जणांच्या १२ टीमा, मॅच पंधरा-वीस मिनिटांत संपते. बीजीएमआयला साधारण १६ टीमा, म्हणजे ६४ जण, अन् एक मॅच अर्ध्या तासाची धरा. दोन्ही गेम एकाच सिरीजमध्ये घेतो म्हणणारा शेवटी दोन्हीचे पॉइंट चुकवतो.

एका संध्याकाळी तीनच मॅच. अर्धा तास मॅच, दहा मिनिटं लॉबी (सगळे रूममध्ये जमेपर्यंत), पाच मिनिटं निकाल, म्हणजे तीन मॅचला सव्वादोन तास गेलेच. चौथीचा मोह टाळा, कारण बीजीएमआयमध्ये १८ च्या खालच्यांना दिवसाला ३ तासांचीच मर्यादा आहे, अन् सकाळपासून रँक वाढवायला खेळत बसलेला पोट्टा तिसऱ्या मॅचच्या मधेच बाहेर फेकला जातो, मग टीमवाले तुमच्याशीच भांडतात. पॅम्प्लेटवरच लिहा की मॅचच्या दिवशी आधी खेळू नका.

नोंदणी

गुगल फॉर्म करा. टीमचं नाव, कॅप्टनचा नंबर, चार खेळाडू अन् एक राखीव, प्रत्येकाचं गेममधलं नाव आणि कॅरेक्टर आयडी. नाव रिनेम कार्डाने बदलता येतं, आयडीचा आकडा बदलत नाही, म्हणून तपासायचं ते आयडीने. आधार कार्डाचे फोटो अजिबात मागवू नका, ते सांभाळायची जबाबदारी कशाला अंगावर घेता. १८ च्या आतल्या खेळाडूंसाठी आई-वडिलांपैकी एकाचा होकार फोनवर घ्या, मेसेजवर नाही, पोट्टे बापाच्या फोनवरून स्वतःच "हो" टाकतात.

ग्रुप दोन करा. एक कॅप्टनांचा, त्यात फक्त अॅडमिनच मेसेज टाकेल. दुसरा सगळ्यांच्या गप्पांचा. मुलींची टीम आली तर, अन् येतात, फक्त कोणी बोलावत नाही, त्यांच्या कॅप्टनचा नंबर कोणत्याच ग्रुपवर टाकू नका, आयडी-पास (रूमचा नंबर अन् पासवर्ड) त्यांना वेगळा पाठवा.

पैसा अन् बक्षीस

शंकरपटाचं (बैलांच्या शर्यतीचं) किंवा कबड्डीचं पॅम्प्लेट काढून बघा, प्रथम बक्षीस अमक्यांकडून, द्वितीय तमक्यांच्या स्मरणार्थ. तीच पद्धत धरा, लोकांना ती कळते. मोबाईल शॉपी, कृषी केंद्र, सेतू केंद्र, बसस्टँडवरचं हॉटेल, या चार ठिकाणी जा. ५,००१, ३,००१, १,००१ एवढं गावासाठी भरपूर झालं. नियम एकच, पैसे हातात आल्याशिवाय नाव छापायचं नाही. "छापून टाक, देतो ना मी" म्हणणाऱ्याला हसून चहा पाजा अन् निघा. झेडपी-पंचायतीच्या निवडणुकीची आचारसंहिता लागलेली असली तर पुढाऱ्याचा फोटो अन् पैसा दोन्ही नको. रोख बक्षीस मोठं ठेवायचं असेल तर टीडीएसचा विषय येतो, तालुक्याच्या सीएला आधीच विचारा.

जमा-खर्च दोघांच्या नजरेत असू द्या. यूपीआय एकाच्या खात्यावर, वही दुसऱ्याच्या हातात.

पॉइंट

बीजीएमआयच्या मोठ्या स्पर्धांत चालतो तोच तक्ता घ्या, पहिल्याला १०, मग ६, ५, ४, ३, २, १, १ अन् नवव्यापासून शून्य, वर प्रत्येक फिनिशला, म्हणजे किलला, १. म्हणजे चिकन डिनर मिळालेली, म्हणजे मॅच जिंकलेली, टीम २ फिनिशवर १२ पॉइंटला थांबते अन् दुसरी आलेली टीम ७ फिनिश करून १३ नेते. हे आधीच समजावून सांगा, नाहीतर पहिल्याच रात्री "जिंकलो आम्ही अन् वर तो काऊन?" हे ऐकावं लागतं. फ्री फायरला १२, ९, ८, ७, ६, ५, ४, ३, २, १ अन् शेवटच्या दोघांना शून्य.

बरोबरी झाली तर आधी चिकन डिनर किती, मग जागेचे पॉइंट, मग फिनिश, मग शेवटच्या मॅचमधली जागा. गुगल शीटवर टाका, लिंक सगळ्यांना फक्त बघायला द्या. निकालाच्या स्क्रीनचे फोटो दोघांनी काढायचे, एकाचा फोन ऐन वेळी बंद पडतोच. अन् टेबल त्याच रात्री टाकायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी आलेल्या टेबलवर कोणी विश्वास ठेवत नाही, मग ते कितीही बरोबर असो.

मॅचची संध्याकाळ

रूम कार्ड एक जास्तीचं ठेवा. स्लॉट लिस्ट (रूममध्ये कोणती टीम कोणत्या जागेवर) दुपारीच टाका, आयडी-पास मॅचच्या १५ मिनिटं आधी फक्त कॅप्टनला. जो दुसऱ्याच्या स्लॉटवर बसला त्याला एकदा सांगायचं, नंतर किक. वेळ झाली की सुरू, कोणाची वाट बघायची नाही, सरपंचाच्या पुतण्याची पण नाही. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं थांबलात की सहाव्या आठवड्यात पाऊण तास थांबाल.

नेटचं गाऱ्हाणं रोज येणार. "भाऊ, टावरच गेला होता ना बाप्पा, रिमॅच घ्या ना." नियम असा छापून ठेवा: एकट्या-दुकट्याचं नेट गेलं तर रिमॅच नाही, पण पहिला झोन बंद व्हायच्या आत चार किंवा जास्त टीमा एकदम बाहेर पडल्या तर ती मॅच रद्द अन् पुन्हा. आकडा तुम्ही तुमच्या हिशोबाने ठरवा, पण आकडा पाहिजे, "परिस्थिती बघून" असलं लिहिलं की परिस्थिती बघणारा माणूस शिव्या खातो.

हॅक, जीएफएक्स टूल (ग्राफिक्स बदलायचं बाहेरचं अॅप), इम्युलेटर (फोनचा गेम कॉम्प्युटरवर खेळणं), दोन टीमांनी मिळून खेळणं, सगळ्याला एकच शिक्षा, सिरीजमधून बाहेर. तक्रार फक्त कॅप्टनने, मॅच संपल्यापासून १५ मिनिटांत, अन् पुराव्यासकट. वरच्या पाच टीमांना स्क्रीन रेकॉर्डिंग सक्तीचं करा. ते म्हणतील फोन गरम होतो, होतो खरा, तरी करा.

लाइव्ह दाखवायचं असेल तर यूट्यूबवर फोनवरून लाइव्ह करायला ५० सबस्क्रायबर लागतात, अन् लाइव्ह पहिल्यांदा चालू व्हायला २४ तास लागू शकतात, म्हणून हे आठवडाभर आधी उरका. चॅनल १६ वर्षांवरच्याच माणसाच्या नावाने असू द्या. लाइव्हमध्ये पाच मिनिटांचा उशीर ठेवा, नाहीतर एक जण लाइव्ह बघतो अन् दुसऱ्याला सांगतो की समोरचे कोणत्या घरात बसलेत.

फायनल समोरासमोर

सहा आठवडे ऑनलाइन, फायनल मात्र एका छताखाली. समाज मंदिर किंवा ग्रामपंचायतीचा हॉल. सरपंच-सचिवांना भेटायला जाताना सांगायला एक गोष्ट ठेवा: डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली अन् २०२३ ला हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये तो पदकासाठी खेळला गेला. "पोट्टे मोबाईलवर टाईमपास करतात" वाल्या बैठकीत हे थोडंफार कामी येतं. खेळाडूंच्या घरच्यांना बोलावून पहिल्या रांगेत बसवा, ते जास्त कामी येतं. माईक लावणार तर पोलीस ठाण्याची परवानगी अन् रात्री १० ला बंद.

आता नेट. ६४ फोन एका टॉवरवर किंवा एका वायफायवर टाकले की सगळ्यांचं पिंग लाल होतं, म्हणजे गेम अडकायला लागतो. दोन-तीन वेगळी फायबर कनेक्शन मिळतात का बघा, केबलवाल्याचं, शेजारच्या दुकानाचं, पंचायतीचं भारतनेट (सरकारी फायबर) चालू असलं तर ते. एका राउटरवर पंधरा-वीसच फोन, उरलेले आपापल्या डेटावर अन् तेही वेगवेगळ्या कंपन्यांचे. गेम डेटा फार खात नाही, खातो तो अपडेट, म्हणून आदल्या दिवशी सगळ्यांनी घरूनच अपडेट करून यायचं. अन् एक आठवडा आधी त्याच हॉलमध्ये, त्याच वेळेला, दहा-बारा फोन घेऊन मॅच खेळून बघा. दुपारी तीनला तपासलेलं नेट रात्री आठला कामाचं नाही.

लाईटचा हिशोब सोपा आहे. ६४ चार्जर साधारण १८ वॅटचे धरले तर साडेअकराशे वॅटच्या आसपास जातात. घरचा इन्व्हर्टर ८००-९०० व्हीएचा असतो, तो हे ओढत नाही. म्हणून फोन शंभर टक्के चार्ज करून आणायचे, खेळताना चार्जिंग बंद, अन् इन्व्हर्टरवर फक्त राउटर, लॅपटॉप, प्रोजेक्टर. खेळताना चार्जिंग बंद ठेवलं की फोनही कमी तापतो. प्रोजेक्टरचं तोंड खेळाडूंच्या पाठीमागे, प्रेक्षकांकडे, अन् तिथेही तोच पाच मिनिटांचा उशीर. प्रेक्षक ओरडले की खेळाडूला कळतं कुठे काय चाललंय, त्यामुळे जमलं तर प्रेक्षक बाहेर मंडपात.

मागून आणलेल्या प्रत्येक एक्स्टेन्शन बोर्डावर, खुर्चीवर, वायरवर मालकाच्या नावाची चिकटपट्टी लावा. कारण त्याच रात्री परत करायचं आहे.

आता संपवणं

संपवायची वेळ कशी ओळखायची? प्रत्येक आठवड्यात तीच तीन टीम वर, सोळापैकी सहा स्लॉट रिकामे, अन् स्लॉट लिस्टपासून झाडूपर्यंत सगळं एकच माणूस करतो आहे, यातली दोन लक्षणं दिसली की हा सीझन शेवटचा समजा. फायनलआधी ठरवा, फायनलनंतर नाही. फायनलच्या रात्री सगळे जोशात असतात, तेव्हा "पुढच्या वर्षी अजून मोठी" असं माईकवर बोललं जातं अन् ते निस्तरत बसावं लागतं.

मधेच बंद करायची पाळी आली, गेम बॅन झाला, कोणाचं निधन झालं, हॉल मिळाला नाही, तर काय, हे पहिल्याच पॅम्प्लेटवर असू द्या. मी असं सुचवीन: निम्म्याहून जास्त आठवडे झाले असतील तर त्या दिवशीच्या टेबलप्रमाणे बक्षीस वाटायचं, त्यापेक्षा कमी झाले असतील तर पैसे दात्यांना परत. एंट्री फी घेतलेली नसते म्हणून हे सोपं जातं, सोळा कॅप्टनांच्या दारात जावं लागत नाही.

बक्षीस स्टेजवर त्याच रात्री. "उद्या टाकतो" म्हणू नका, खिशात पाकीट तयार पाहिजे किंवा स्कॅन करून तिथल्या तिथे पाठवायचं. खेळाडू लहान असेल तर पालकाच्या खात्यावर. चौघांत वाटणी कशी हे टीमने नोंदणीतच लिहून दिलेलं असावं, कॅप्टन पैसे घेऊन गायब झाल्याची भांडणं आयोजकाच्याच गळ्यात येतात.

तीन दिवसांच्या आत हिशोब ग्रुपवर टाका. वहीच्या पानाचा फोटो चालतो, एक्सेल पाहिजे असं नाही. किती आले, कोणाकडून, कुठे गेले, किती उरले. उरलेल्याचं काय करणार तेही त्यातच. साडेतीनशे रुपये उरले तरी लिहा, उलट साडेतीनशे लिहिलेले दिसले की लोकांना बाकीचा हिशोब खरा वाटतो. दात्यांना मात्र मेसेज नाही, दुकानात जाऊन फायनलचा एक फोटो अन् हिशोबाची झेरॉक्स द्या. दुसऱ्या कोणाला पुढे सिरीज घ्यायची असेल तर त्याचा रस्ता याच भेटीने मोकळा होतो.

मग माहिती. कॅरेक्टर आयडी, फोन नंबर, रेकॉर्डिंग, पालकांचे नंबर, सगळं महिनाभरात डिलीट. अंतिम पॉइंट टेबल तेवढं ठेवा. पुढच्या पोट्ट्यांना द्यायचं असेल तर रिकामी केलेली शीट, नियमांचं पान अन् कोणत्या राउटरने दगा दिला नाही याची यादी द्या, नंबरांची यादी नको.

ग्रुपवर शेवटचा मेसेज स्पष्ट लिहा. "लवकरच भेटू" नको. मी असा लिहीन:

"आपली सिरीज या फायनलसोबत संपली आहे. सर्व बक्षिसं दिली, हिशोब वर टाकला आहे. काही शंका असेल तर १५ दिवसांत विचारा, त्यानंतर ग्रुप बंद होईल. यापुढे या नावाने कोणी एंट्री फी किंवा वर्गणी मागितली तर आमचा संबंध नाही."

शेवटचं वाक्य गाळू नका. चाललेल्या नावावर दुसराच कोणी येऊन पन्नास-पन्नास रुपये गोळा करतो अन् शिव्या जुन्या आयोजकाला बसतात. पंधरा दिवस ग्रुप फक्त अॅडमिनवर ठेवा, शंका वैयक्तिक मेसेजवर घ्या, मग एकेकाला काढून स्वतः बाहेर पडा. तसाच सोडला तर सहा महिन्यांत तिथे कर्जाच्या अॅपच्या लिंका येतात.

यूट्यूब चॅनल, इन्स्टा पेज अन् ज्या जीमेलवर हे उघडलं ते, तिन्ही कोणाच्या ताब्यात राहणार हे कागदावर लिहा. दुसऱ्याला देणार असाल तर पासवर्डसोबत रिकव्हरी नंबर अन् रिकव्हरी मेलही त्याचे टाका. कोणालाच देणार नसाल तर व्हिडिओ राहू द्या, कॉमेंट बंद करा. अन् सिरीजसाठी वेगळं सिम घेतलं असेल तर रिचार्ज थांबवायच्या आधी तो नंबर जीमेल, यूपीआय, व्हॉट्सअॅप सगळीकडून काढा, कारण बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याच माणसाला मिळतो अन् ओटीपी त्याच्याकडे जायला लागतात.